न मेलेल्या वीस चिपा

एका तालुक्याच्या गावी मंदाकिनी नावाची कारागीर राहत होती. शाळांची घंटा आपोआप वाजवणारी यंत्रं ती बनवायची. हात सफाईदार, पण जीभ त्याहून चपळ! गावात तिच्या शब्दाला वजन होतं.

अशा प्रत्येक यंत्रात एक चिप असते. चिपच्या पोटात फ्यूज नावाचे बारीक खटके असतात. घरातल्या फ्यूजसारखे ते जळत नाहीत बरं का. चिपने जागं झाल्यावर कसं वागायचं, ते हे खटके ठरवतात. कामाचा ठेका तिने स्वतःच्या आतून घ्यायचा की बाहेर जोडलेल्या, ठेका धरून देणाऱ्या क्रिस्टल नावाच्या छोट्या तुकड्याकडून, हेही तेच सांगतात.

एकदा मंदाकिनीने पोपटशेठच्या दुकानातून वीस चिपा आणल्या. घाईघाईत सगळ्यांचे फ्यूज लावून टाकले. झालं! एकही चिप हूं की चूं करेना. मंदाकिनी भडकली. भर बाजारात उभी राहून ओरडली, "पोपटशेठ सडका माल विकतो!"

आठवड्याभरात शेठवर दुकानात माशा मारायची पाळी आली. बिचारा रडकुंडीला आला. तिच्या दारात येऊन म्हणाला, "ताई, माल खराब निघाला तर दुकानाला कायमचं कुलूप लावतो. पण एकदा तुमचे फ्यूज बघा."

"माझे फ्यूज? बघतेच!" असं म्हणून तिने त्याला वाटेला लावलं आणि त्याला खोटं पाडायलाच कामाला बसली. फ्यूज कसे लावले ते लिहून ठेवलेला कागद काढला, आणि तिचा चेहरा उतरला. ठेका बाहेरच्या क्रिस्टलकडून घ्या, असं तिनेच चिपांना सांगितलं होतं. क्रिस्टल मात्र जोडलाच नव्हता! चिपा मेल्या नव्हत्या. तिचंच ऐकून वाट बघत होत्या. तिने एकीला क्रिस्टल जोडला. चिप लगेच बोलू लागली.

खोलीत दुसरं कुणी नव्हतं. गुपचूप वीसही चिपा ठीक करून गप्प बसता आलं असतं. पण मंदाकिनीला स्वतःची फार लाज वाटली. दुसऱ्या दिवशी बाजारात त्याच जागी उभी राहून ती तेवढ्याच मोठ्याने म्हणाली, "माल चोख होता. फ्यूज मी चुकीचे लावले. शेठ, मला माफ करा."

शेठने डोळे पुसले आणि तो म्हणाला, "ताई, पुढच्या वेळी आधी एका चिपवर बघा. मग वीस."

सगळे हसले. सगळ्यांत मोठ्याने मंदाकिनीच हसली, आणि एकविसावी चिप तिने त्याच्याच दुकानातून घेतली.

तात्पर्य: दुसऱ्याला नावं ठेवण्याआधी आपण काय सांगितलं होतं ते तपासावं, आणि चूक आपलीच निघाली, तर जिथे आरोप केला तिथेच, तेवढ्याच मोठ्या आवाजात ती कबूल करावी.