उंबऱ्यावरचे गोटे

फार लांबच्या मुलखात, इटलीतल्या धुक्याच्या डोंगरांत, एका गावात एक मळेवाला होता. द्राक्षं पिकवायची आणि त्यांची तांबडी वाइन करायची, हा त्याच्या घरचा पिढीजात धंदा. वाइनचं नाव ऐकून नाक मुरडू नका हं. त्या लोकांत वाइन म्हणजे आपल्याकडच्या लोणच्याइतकी घरची गोष्ट, आणि प्रत्येकाला आपल्याच घरची भारी वाटणार.

याच्या घरची वाइन मात्र मोठी हट्टी. नवी असताना इतकी तुरट, की जीभ आखडून जावी. लाकडी पिंपात भरून वर्षानुवर्षं तळघरात ठेवली, की मग कुठे ती मऊ व्हायची. बापानं भरायची आणि पोरांनी उघडायची, असंच चाललं होतं.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. लाकूड वाइन पितं. पिंप कितीही घट्ट असू दे, आतली वाइन हळूहळू कमी होते, वर पोकळी पडते, आणि त्या पोकळीत हवा साचली की वाइनचा आंबट शिरका व्हायला वेळ लागत नाही. लोणच्यावरचं तेल कमी झालं की बुरशी धरते ना, तसंच. म्हणून दर शनिवारी पिंप काठोकाठ भरायचं. भरायचं तेही त्याच वर्षाच्या, त्याच द्राक्षांच्या वाइननं. ती काचेच्या बरण्यांत वेगळी राखून ठेवलेली असायची.

आणि राखलेली वाइनच संपली तर? त्याचीही रीत होती. नदीतले गुळगुळीत गोटे आणायचे, उकळायचे, वाळवायचे आणि पिंपात सोडायचे. पातळी वर येते आणि आतली वाइन तीच राहते. पण जेवढे गोटे पिंपात, तेवढेच तळघराच्या उंबऱ्यावर मांडायचे. येणाऱ्याजाणाऱ्याला कळायला हवं, की या घरात यंदा एवढं कमी पडलंय. शेजारी चिडवायचेच, "काय हो, यंदा दगड पिकले का?" चिडवू देत. घरचे लोक हसून ऐकून घ्यायचे.

तर एका वर्षी गारा पडल्या आणि मळा झोडपून निघाला. मळेवाल्याची बायको, मद्दालेना तिचं नाव, तेव्हा पोटुशी होती. तशा अवस्थेत तिनं चिखलातून चांगले घोस वेचून काढले आणि हौदात उतरून स्वतः तुडवले. थोरला मुलगा एत्तोरे तेव्हा लहान होता. आईचे जांभळे झालेले पाय बघून तो खूप हसला होता. त्या वर्षी जेमतेम एक पिंप भरलं. पुढे हिवाळ्यात मद्दालेनाला मुलगी झाली, ओर्सोला, आणि चार दिवसांत मद्दालेना बाळंतिणीच्या तापानं गेली.

मळेवाल्यानं त्या पिंपावर हात ठेवला आणि म्हणाला, "हे ओर्सोलाच्या लग्नात उघडायचं. पोरीला आई बघायला मिळाली नाही. निदान आईच्या हातचं तिच्या पोटात जाऊ दे."

वर्षं गेली. मळेवाल्याची नजर गेली. तळघराच्या किल्ल्या त्यानं एत्तोरेच्या हातात दिल्या.

"सगळं सांभाळशील, मला ठाऊक आहे," तो म्हणाला. "त्या एका पिंपाकडे जास्त लक्ष दे. वाइन पुरली नाही तर गोटे टाक. लाजू नकोस."

"काळजी करू नका, बाबा," एत्तोरे म्हणाला. आणि तो सांभाळतही होता बरं का! वाईट नव्हता मुलगा. पण चारचौघांत मिरवायला कुणाला आवडत नाही? जत्रेच्या दिवशी मित्र तळघरात आले. "तुझ्या आईच्या हातची वाइन आहे म्हणे. एक घोट दे की!" यानं राखलेल्या बरणीतून दिला. पिणाऱ्यांनी डोळे मिटून 'वा!' म्हटलं आणि याची छाती फुगली. पुढच्या जत्रेला पुन्हा. मग एक व्यापारी आला, त्यालाही. अरे, ती काय तुझी वाहवा करून घ्यायला ठेवली होती का? पण त्याला कोण सांगणार!

शेवटी एका शनिवारी तो भर घालायला गेला, तर शेवटची बरणी रिकामी.

तो तसाच नदीवर गेला, गोटे वेचून आणले, उकळले आणि फडक्यावर वाळत घातले. तेवढ्यात ओर्सोला अंगणात आली. ती आता लग्नाची झाली होती, घरात तिच्या सोयरिकीची बोलणी चालली होती.

"दादा, गोटे कशाला? आईच्या पिंपाला कमी पडलं का?"

तिचा चेहरा एवढासा झालेला पाहून याची जीभ अडखळली. खरं सांगावं तर बाबा विचारणार, वाइन गेली कुठे? नवऱ्या मुलाकडचे येणार, ते उंबऱ्यावर गोटे बघणार.

"छे गं," तो म्हणाला. "दुसरी पिंपं घासायला आणलेत."

ती निश्चिंत होऊन आत गेली. यानं गोटे गोठ्यामागे फेकून दिले आणि गेल्या वर्षीच्या वाइनचा एक पेला आईच्या पिंपात ओतला. एवढ्या मोठ्या पिंपात एका पेल्यानं काय होतंय, असं त्यानं स्वतःला समजावलं. पुढच्या शनिवारी आणखी एक पेला. पहिल्यांदा त्यानं तळघराचं दार आतून लावून घेतलं होतं, नंतर तो ओतता ओतता शीळही घालू लागला. लग्न पुढे ढकललं गेलं, आधी नवऱ्या मुलाच्या आजीच्या सुतकासाठी, मग वाईट पिकासाठी. उन्हाळे कडक गेले, लाकूड पीत राहिलं आणि एत्तोरे भरत राहिला. पिंप कायम काठोकाठ होतं.

अखेर लग्नाचा दिवस उगवला. सकाळी अंगणात पाहुणे जमले. पिंपाला तोटी ठोकली आणि पहिला पेला आंधळ्या बापाच्या हातात दिला, दुसरा नवरीच्या. मग सगळ्यांना.

"अहाहा!" पाहुणे म्हणाले. ओर्सोलानं घोट घेतला, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "किती गोड आहे माझी आई," ती नवऱ्याला म्हणाली. एत्तोरेनं हे ऐकलं आणि मान फिरवली.

म्हाताऱ्यानं घोट घेतला. तोंडात घोळवला, गिळला. पुन्हा एक घेतला. बराच वेळ तो पेला नाकाशी धरून बसला होता.

"वाइन छान आहे," तो म्हणाला. "कुणाची आहे?"

पाहुणे हसले. म्हातारा भ्रमिष्टासारखं बोलतोय, असं त्यांना वाटलं.

ओर्सोला त्याच्याजवळ बसली. "बाबा, असं काय करता? आईच्या पिंपातली आहे."

"पिंप तिचं असेल, बाळ. मी भरलं तेव्हा चाखली होती. तिला वाळलेल्या गुलाबाचा वास होता. तेव्हापासून तोच वास घेऊन बसलोय मी. यात तो शोधतोय, पण सापडत नाही."

ओर्सोलानं भावाकडे पाहिलं. "दादा, उंबऱ्यावर एकही गोटा नाही. म्हणजे राखलेली वाइन शेवटपर्यंत पुरली ना?"

आता अंगणात कुणी हसत नव्हतं. एत्तोरे गुडघ्यांवर बसला आणि त्यानं सगळं सांगून टाकलं. जत्रा, मित्र, रिकामी बरणी, गोठ्यामागे फेकलेले गोटे, सगळं.

म्हातारा रागावेल असं सर्वांना वाटलं. तो रागावला नाही. त्यानं चाचपडत मुलाचं डोकं शोधलं आणि त्यावर हात ठेवला.

"अरे, अर्धं पिंप गोट्यांनी भरलं असतं तरी चाललं असतं," तो म्हणाला. "मला तर एकच घोट हवा होता."

एत्तोरे हमसून हमसून रडू लागला.

ओर्सोला मात्र रडली नाही. हातातल्या पेल्याकडे बघत ती म्हणाली, "मला तर हीच आवडली, दादा. आईची चव मला कुठे माहीत होती? बाबा नसते, तर जन्मभर मी हीच आईची समजले असते."

लग्न लागलं, जेवणं झाली, पण त्या पिंपातली वाइन पुन्हा कुणी मागितली नाही.

पुढची द्राक्षं पिकण्याआधीच म्हातारा गेला. त्याला तो घोट मिळाला नाही, तो नाहीच. बापाला मूठमाती देऊन आल्यावर एत्तोरे गोठ्यामागे गेला. गवतात पडलेले ते गोटे एक एक करून शोधले, धुतले आणि तळघराच्या उंबऱ्यावर मांडले. आईचं पिंप तर उघडून झालं होतं, भर घालायला आता काही उरलंच नव्हतं. कुणी विचारलं, की तो काही न लपवता सारी हकिकत सांगायचा.

त्याला मुलं झाली, त्यांची पिंपं भरली गेली. कधी कमी पडलं तर उंबऱ्यावर नवे गोटे यायचे आणि शेजारी चिडवायचे. पण लांबून येणारे व्यापारी आधी उंबऱ्याकडे बघायचे, आणि गोटे दिसले की वाइन न चाखता सौदा करायचे.

आता तात्पर्य विचाराल, तर एवढंच: कमी पडलं तर कमी पडलं म्हणून सांगावं. उणीव दिसली तरी आपली माणसं तेवढ्यात भागवून घेतात. ती खोट्यानं भरून काढली, तर जे थोडं खरं उरलेलं असतं, तेही हातचं जातं.