परक्याच्या मयताची पेज

पुन्हा मीच. गावात शिकलेली एवढी डोकी आहेत, पण बस्त्यावची गोष्ट लिहायची म्हटली की सून वही आणून माझ्याच पुढ्यात आपटते. मी चौथीत शाळा सोडली. अक्षर म्हणजे कोंबडीनं पाय ओढल्यासारखं. आणि खरं सांगतो, ही गोष्ट मला स्वतःलाच अजून धड कळलेली नाही. तरी ऐका.

फार वर्षांपूर्वी आमच्या तिवरगावात खाडीचा बांध फुटला. खारं पाणी भातात शिरलं. वरच्या आळीची शेतं उंचावर, ती वाचली आणि त्यांच्या कणग्यांत जुना तांदूळही होता. खालच्या आळीत उंदीरसुद्धा उरला नाही, असं म्हणतात.

तेव्हा देवळाची, म्हणजे आमच्या चर्चची, घंटा बस्त्याव वाजवायचा. एकटा जीव, देवळामागं खोपट. खालच्या आळीत कत्रीन म्हणून एक विधवा होती, पदरात दोन पोरी. ती रोज रिकामी चूल पेटवायची. का, तर शेजाऱ्यांना धूर दिसावा. बस्त्याव घंटेच्या मनोऱ्यावर चढायचा, त्याला वरून सगळं दिसायचं. धूर निघतो, पण भांडी घासायला कोणी बाहेर येत नाही. तो आपल्या घरचा शेरभर तांदूळ घेऊन तिच्या दारात गेला.

"घे बाय, पोरींना शिजवून घाल."

"आमची जेवणं झाली, बस्त्यावबाबा. भीक घालायची तर वेशीवर बसतात त्यांना घाला."

आत धाकटी भिंतीची माती चाटत होती, असं म्हणतात. बस्त्याव पिशवी घेऊन परत फिरला.

आता आमची रीत सांगतो, नाहीतर पुढचं डोक्यावरून जाईल. मयताची घंटा झाली की घरटी एक मूठ तांदूळ मयताच्या घरी न्यायचा. एकाच हंड्यात पेज शिजवायची, आणि मढं पुरेपर्यंत सगळ्या गावानं तीच खायची. नको म्हणायची सोय नाही. नको म्हटलं तर मेलेल्याचा अपमान.

दुसऱ्या दिवशी सकाळी मयताची घंटा वाजली. लोक धावले. बस्त्यावच्या खोपटात खिळे ठोकलेली पेटी.

"कोण गेलं रे?"

"परका आहे. खाडीत वाहून आला."

"मग आपल्याला काय त्याचं?"

"कोणाचा नाही, म्हणून आपला."

"तोंड तरी दाखव."

"माशांनी ठेवलंय काय दाखवायला?"

फादर दुखण्यानं लांबच्या गावी पडलेले. ते आल्याशिवाय पुरता येईना. म्हणून पेटी राहिली, आणि पेजही राहिली. बस्त्यावनं हंड्याच्या तोंडाला फडकं बांधलं, मधे हात जाईल एवढीच चीर. हात आत घालायचा, मूठ सोडायची. कोणी काय टाकलं ते कोणाला दिसायचं नाही.

कत्रीनही आली. मूठ आवळून आवळून बोटं पांढरी पडलेली. हात आत घातला, बाहेर काढला, आणि पोरींना घेऊन ताठ मानेनं पंगतीला बसली. धाकटीनं तीनदा पेज मागितली. अर्धं गाव रिकाम्या मुठी सोडत होतं, असं म्हणतात. तरी पेज दिवसेंदिवस दाट होत गेली. वरच्या आळीवाले म्हणायचे, आम्ही एकेकच मूठ टाकली. मग तांदूळ आला कुठून? मला विचारू नका.

असे एक्केचाळीस दिवस गेले. भादव्याच्या उकाड्यात पेटी तशीच, पण वास नाही. आलाच तर नव्या तांदळाचा, असं म्हणतात. गावाला संशय आला नसेल? आला असणार. पण बोललं कोणी नाही.

मग उंचावरचं भात कापायला आलं, खालच्या आळीच्या हातांना काम मिळालं. आगेऱ्याला, म्हणजे नव्या भाताच्या सणाला, फादर परतले. सगळं ऐकून भडकले.

"बस्त्याव, खोट्या मयताची घंटा वाजवलीस? उघड पेटी!"

"उघडा की फादर. मी तेवढी घंटा वाजवून येतो."

तो मनोऱ्यावर चढला. घंटा वाजली. खाली मात्र तो उतरलाच नाही. वर जाऊन बघितलं तर नुसता दोर हलत होता.

फादरनी पेटीचा खिळा उपटला, आत डोकावले, परत ठोकला आणि म्हणाले, "पुरा. मानानं पुरा." काय दिसलं ते मरेपर्यंत सांगितलं नाही. कोणी म्हणतं पेटी रिकामी होती. कोणी म्हणतं आत बस्त्यावच होता. पण मग एक्केचाळीस दिवस घंटा कोणी वाजवली? माझा पणजा पास्कू खांदेकरी होता. त्याचा खांदा जन्मभर वाकडा राहिला, एवढी ती जड. रिकामी पेटी जड होते का? मी सत्तर वर्षं विचार करतोय. डोकं दुखतं, दुसरं काही होत नाही.

अजूनही आगेऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे मयताची घंटा वाजते. कोण गेलं, असं कोणी विचारत नाही. हंड्याला फडकं बांधतात, घरटी एक मूठ आत जाते आणि सगळं गाव पेज खातं. मुठीत काय आहे ते बघायचं नाही. एवढा एकच नियम बस्त्यावनं मागं ठेवला.

आणि तो नियम गेल्या वर्षी गावातल्याच एकानं सर्वांदेखत मोडला. माझं मनगट धरून म्हणाला, "म्हाताऱ्या, मूठ उघड बघू." मुठीत काय होतं, काय नव्हतं, ते मी इथं लिहिणार नाही. आगेरा जवळ आलाय. माफी मागायला माझं दार उघडंच आहे, सांतान रुमाव.