शेंदऱ्याच्या तोडीचा

माळावरची मेंढरं धनगराविना राहत, तेव्हाची ही गोष्ट. कळपाचा म्होरक्या होता शेंदऱ्या एडका. टकरीत त्याला कुणी हरवलं नव्हतं. एखाद्या कोकराची शिंगं जरा वळू लागली, की शेंदऱ्या त्याला धडका मारून कळपाबाहेर हाकलून द्यायचा.

"अरे, पोरांना तुझ्याशी झुंजून शिकू दे," म्हातारी मेंढी एकदा म्हणाली.

"माझ्या तोडीचा दुसरा कुणी या माळावर नको," शेंदऱ्या फुरफुरला.

पुढे त्याचे गुडघे थकले आणि एका सकाळी लांडगे आले. शेंदऱ्या एकटाच पुढे धावला आणि पहिल्याच झटापटीत कोसळला.

"आता कोण उभं राहतंय?" त्याने मागे वळून विचारलं.

मेंढ्या एकमेकींकडे पाहत राहिल्या. म्हातारीने जवळचं कोकरू पोटाखाली ओढलं. लांडग्यांना आता कसलीच घाई नव्हती.