मैनेची बाजू

"...मग घोडी पडत का न्हाई, चाचा?"

दस्तगीर चाचा खोगीर आवळायच्या एका जुन्या तंगाला टाका घालत बसला होता. त्याने मान वर केली नाही.

"मी पडतोय. सकाळपास्नं तीनदा पडलो. सिनेमाच्या साहेबानं मान डोलवली. पण ही बया उभीच! मी मातीत, आन् ही वरनं माझ्याकडं बघतीय. जसा काय मीच येडा."

चाचाने दोरा दातांनी तोडला.

दुसऱ्या कुणाला याचं हसू आलं असतं. इंद्रजित सरगरला मात्र हसू येत नव्हतं. दुपारचे दोन वाजत आले होते आणि त्याला चारपर्यंतच मुदत होती.

जतच्या माळावर एका परदेशी सिनेमा कंपनीने आख्खं लाकडी गाव उभारलं होतं. दारूचा गुत्ता, तुरुंग, बँक, सगळं फक्त पुढून. मागे गेलं की नुसते बांबूचे टेकू. मोठ्या टोप्या घातलेले, कमरेला पिस्तुलं लावलेले घोडेस्वार दिवसभर त्या गावातून धुरळा उडवत जात. त्यातल्या नायकावर गोळी सुटली की घोड्यासकट पडायचं काम इंद्रजितचं. चेहरा नायकाचा, हाडं याची.

आणि हे काम त्याला शिकवलं चाचाने. चाचा जत संस्थानच्या पागेत वाढला. संस्थान गेलं तसा सर्कशीत शिरला आणि सर्कशीतून थेट स्पेनच्या उजाड मुलखात पोचला. तिथे असल्याच टोपीवाल्यांच्या सिनेमांत त्याने अठरा वर्षं मरायचं काम केलं. दरोडेखोर म्हणून मेला, फौजदार म्हणून मेला, एकदा लग्नातला वाजंत्री म्हणूनही मेला. एका सिनेमात तर पाठमोरा गोळी झाडणारा तोच आणि ती गोळी खाऊन छपरावरून कोसळणाराही तोच. गावात परत आल्यावर लोक विचारत, "चाचा, एकूण किती येळा मेलासा?"

चाचा म्हणे, "मेलेला माणूस मोजत बसतो व्हय?"

मैना ही तांबूस, कुमैत घोडी इंद्रजितची स्वतःची. दीड वर्ष चाचाने दोघांना एकत्र शिकवलं होतं. लगामाला डावीकडे झटका बसला की घोडीने मान वळवायची, खांदा सैल सोडायचा आणि कुशीवर जायचं. स्वाराने त्याच क्षणी रिकिबीतून पाय काढून तिच्यापासून लांब पडायचं. काल तालमीत मैना अशी काही सुरेख पडली की सगळी कंपनी टाळ्या वाजवत उठली.

आज मात्र तिने साफ नकार दिला होता.

"चार वाजता तार लावणार म्हणत्यात," इंद्रजित म्हणाला. त्याचा आवाज खाली गेला.

चाचाची सुई थांबली.

तारेचं काम सोपं असतं. घोड्याच्या पुढच्या पायांत चामड्याची कडी घालायची, कडीला पोलादी तार बांधायची, तारेचं दुसरं टोक जमिनीत पुरलेल्या खुंट्याला. घोडं भरधाव सुटतं. तार संपली की तोंडावर जातं. पडद्यावर फार झकास दिसतं. त्यानंतर घोडं कधी उठतं, कधी उठत नाही, पण तोवर कॅमेरा बंद झालेला असतो.

"चाचा, कायतरी सांगा. साहेबानं शब्द दिलाय. आजचं जमलं तर पुढच्या सिनेमाला मला स्पेनला नेणार. पासपोर्टाचं फोटोबी काढून झालं."

त्याला मैनेची काळजी होती. स्पेनचीही होती. दोन्हींत कुठली जास्त, हे त्याचं त्यालाच सांगता आलं नसतं, आणि तेच त्याला आतून खात होतं.

चाचाने सुई टोपीत खोचली.

"गादी कुणी केली?"

पडायच्या जागेला ते गादी म्हणत. गुडघाभर खणायचं, वाळू आणि लाकडाचा भुसा भरायचा, वर माळाची माती पसरायची. मग लांबून बघणाऱ्याला ती बाकीच्या जमिनीसारखीच दिसते.

"मी केली. सोता." इंद्रजितची मान ताठ झाली. "कुणाला हात लावू दिला न्हाई. खडा न् खडा येचलाय."

"चल."

दोघे लाकडी गावाच्या रस्त्यावर आले. ऊन मी म्हणत होतं. लोक सावलीला जेवत बसले होते. चाचा गादीपाशी उभा राहिला.

"तू पडतोस कुटं?"

इंद्रजितने बोट दाखवलं.

"तितं नीज."

"आत्ता?"

इंद्रजित निजला. पाठीखाली जमीन अलगद दबली.

"कसं हाय?"

"मऊ हाय की! मी म्हनलं न्हवं?"

"आता ती पडती तितं नीज."

गुत्त्याच्या सावलीतून कुणीतरी हसलं. साहेबाचा मराठी सहायक सबनीस डबा हातात घेऊनच ओरडला, "अरे, झोपायला आलात का रे इथे?"

इंद्रजितचे कान तापले. तरी तो सरकला आणि मैनेच्या जागेवर डाव्या कुशीवर आडवा झाला.

बरगडीत काहीतरी रुतलं.

त्याने अंग हलवलं. आता ते मांडीला रुतलं. त्याने मातीत हात घालून लिंबाएवढा दगड बाहेर काढला. त्याच्याशेजारी दुसरा होता. त्याच्याखाली एक धारेचा, उभा.

तो उठून बसला.

"ही बाजू मजुरांनी भरली," तो म्हणाला.

"तू?"

"मी माझी भरली... चाचा, घोडं एवढं अवजड जनावर. त्याला खड्याचं काय..."

चाचा केव्हाच मैनेकडे निघाला होता. ती कुंपणाला बांधलेली होती. त्याने तंग सैल केला, खोगीर उतरवलं, खालची घोंगडी हळूच उचलली. घोंगडी जरा चिकटली होती. मैनेची कातडी थरथरली.

खांद्याच्या मागे, डाव्या बरगडीवर सूज होती आणि सुजेच्या मध्यावर वाळलेलं रक्त.

इंद्रजितला बघवेना.

"कालच्याला लागलंय," चाचा म्हणाला.

"मला दिसलं न्हाई."

"काल ती पडल्यावर तू काय करत हुतास?"

काय करत होता ते त्याला चांगलं आठवत होतं. टोपी काढून, कमरेत वाकून टाळ्या घेत होता. एकदा वाकला, पुन्हा वाकला. मैना आपली आपण उठली आणि आपली आपणच कुंपणाकडे गेली होती. आणि आज सकाळी त्याने तीन वेळा त्याच जागेवर तंग आवळला होता, वर तिला शिव्या घातल्या होत्या. त्याला स्वतःची लाज वाटली, अगदी मान खाली जाईल अशी.

त्याने जखम धुतली, हळद-तेल लावलं, मैनेला सावलीत बांधलं आणि कुदळ घेऊन गादीवर गेला.

दीड तास तो गुडघ्यांवर होता. मैनेची बाजू त्याने पार तळापर्यंत उकरली. माती मुठीमुठीने बोटांतून गाळली. एका बाजूला दगडांचा ढीग वाढत गेला. मधूनमधून तो उन्हाकडे बघे, कुंपणाकडे बघे, पुन्हा मातीत हात घाले. घाम डोळ्यांत जात होता आणि हात थांबत नव्हते, कारण थांबले की चार वाजताचा विचार येई.

चाचा काठावर बसून होता.

"आता पडंल का ती?"

"तिला इचार."

"ती काय बोलंल व्हय, चाचा?"

"सकाळपास्नं बोलतीया."

इंद्रजितने कपाळ पुसलं. पलीकडे दोन माणसं जमिनीत खुंटा ठोकत होती. प्रत्येक घावाला त्याची नजर तिकडे वळत होती.

"तुमी कधी तारेवर पडलाय?"

"एकदा."

"मग?"

"मी उठलो."

इंद्रजित पुढचं ऐकायला थांबला. चाचाने हाताला लागलेला एक खडा ढिगावर टाकला.

चार वाजायला दहा मिनिटं असताना इंद्रजितने जखमेवर पातळ कापड ठेवलं, तंग मागे सारून बांधला आणि मैनेला आधी पायी गादीवर नेलं. तिने माती हुंगली. कान मागे घेतले. तिला थोपटत तो काहीबाही बोलत राहिला, त्यातलं निम्मं माफी मागणंच होतं.

"तयार?" सबनीस ओरडला.

मैना सुटली. ती धावली छानच, तिने कधी चुकारपणा केला नव्हता. गादी आली. इंद्रजितने लगामाला डावीकडे झटका दिला. तिची मान वळली. खांदा क्षणभर सैल पडला आणि त्याला वाटलं, पडली!

पण चारही पाय एकदम ताठ झाले. ती धडपडत, फुरफुरत गादी ओलांडून पलीकडे जाऊन उभी राहिली. अंगभर थरथरत होती.

गादी आता लोण्यासारखी होती. पण ते इंद्रजितला ठाऊक होतं, मैनेला नव्हतं. तिला कालचीच ठाऊक होती.

"साहेब, आठ दिस द्या!" तो सबनीसला म्हणाला. "आठ दिसांत परत पडाय लागंल. मी रोज तिला घेऊन..."

"आठ दिवस? अरे, हे ऊन आठ मिनिटं थांबणार नाही." सबनीस वाईट माणूस नव्हता. त्याला वरून दटावणारे होते आणि तो खाली दटावत होता. "हे बघ इंद्रजित, तार लावू दे. एका मिनिटाचं काम आहे. नाहीतर सरळ सांग, कोल्हापूरचा माणूस तयार आहे, घोडंही त्याचं आहे. मग स्पेनला तोच जाईल. माझ्या हातात काही नाही."

इंद्रजित काही बोलला नाही. न बोलण्याचा अर्थ सबनीसने आपल्या सोयीने लावला आणि हात हलवला.

दोन माणसं आली. मैनेच्या पुढ्यात गुडघे टेकून त्यांनी तिच्या एका पायात कडी घातली. मग दुसऱ्या पायात, आणि दोन्ही कड्यांना तार बांधली. मैना शहाण्यासारखी उभी राहिली. नाल ठोकायला येणाऱ्यासमोर पाय द्यायचा, ही सवय तिला इंद्रजितनेच लावली होती. तिने पाय उचलूनच दिला.

"चाचा!" इंद्रजित खोगिरावरून वाकून ओरडला.

चाचा जवळ आला.

"तारेवर पडताना अंग कसं टाकायचं? सांगा लवकर. तुमास्नी येतंय. मी लांब कसा पडू? आन् ती... ती मानेवर जाऊ नये म्हणून कायतरी असंल की. लगाम कसा धरायचा? कवा सोडायचा? चाचा, टाइम न्हाई!"

चाचा मैनेच्या डाव्या अंगाला आला. वाकला. आणि दोन्ही हातांनी त्याने इंद्रजितची रिकीब धरली.

पागेत सरदार घोड्यावरून उतरायचा तेव्हा मोतद्दार, म्हणजे घोड्याची निगा राखणारा नोकर, अशी रिकीब धरून उभा राहायचा.

"हे काय करतासा?" इंद्रजित कासावीस झाला. "सोडा, चाचा. तुमी माझं गुरू. लोक बघत्यात."

चाचा हलला नाही. त्याचे हात म्हातारे होते, पण रिकीब जरासुद्धा डुगडुगत नव्हती.

"काय झालं?" साहेबाच्या खुर्चीजवळून सबनीस ओरडला. "ऊन चाललंय!"

इंद्रजितने खुंट्याकडे पाहिलं. कॅमेऱ्याकडे पाहिलं. साहेब घड्याळ बघत होता. मैनेचा एक कान मागे, त्याच्याकडे वळला होता, तो काय म्हणतो ते ऐकायला.

त्याने उजवा पाय काढला. तो खोगिरावरून इकडे यायला किती वेळ लागला, देव जाणे.

"इंद्रजित! खाली का उतरलास? अरे, उद्यापासून येऊ नकोस मग! कळतंय का तुला?"

त्याला कळत होतं. तो मैनेसमोर बसला आणि कड्यांचे पट्टे सोडवू लागला. पहिला पट्टा तीनदा हातातून सुटला. दुसरा चाचाने सोडवला. तार मातीत पडली.

लाकडी गावातून तिघं बाहेर पडली, मध्ये मैना. मागे कोल्हापूरच्या माणसाच्या नावाने हाका सुरू झाल्या होत्या. इंद्रजितने वळून पाहिलं नाही, पण त्याने आधाराला मैनेची आयाळ धरली होती.

"चाचा... एवढ्या येळा पडलो. छपरावरनं पडलो, धावत्या गाडीवरनं पडलो. कधी असं पाय लटपटलं न्हाईत. आज नुसता उतरलो तर..."

"पडायला मला समद्यांनी शिकवलं, इंद्रा," चाचा म्हणाला. "उतरायला कुणी शिकवलं न्हाई."