भोंगा नाही तर बोंबील

मंगळवारची सकाळ होती. चांगुणा कोळीण अंगणातल्या काठ्यांवर बोंबील टांगत होती, शेजारची नागूबाय तिला जावयाच्या तक्रारी सांगत होती, आणि मांजर नेहमीप्रमाणे काठ्यांखाली जिभल्या चाटत बसलं होतं. तेवढ्यात दवंडी आली.

"ऐका हो ऐका! काल एक विजेची स्कूटर चोरपावलांनी महाराजांच्या मागून आली! महाराज दचकले! महाराजांची पगडी चिखलात पडली! आजपासून खारबंदरच्या रस्त्यावर विजेच्या गाड्या बंद! कालची गाडी जप्त! बाईने दरबारात हजर व्हावं हो!"

"गो चांगुणे, तूच ना ती?" नागूबाय म्हणाली.

"पगडीला हात नाही लावला मी," चांगुणा म्हणाली. "तीच पळाली!"

पण हातातला बोंबील तिने खाली ठेवला. शिपाई गाडी ओढत नेत होते. त्या गाडीवरच तिची सुक्या मासळीची टोपली घाटावरच्या गावांना जायची. दोन वर्षांमागे तिच्या नवऱ्याने, जोमाने, ती आणली, तेव्हापासून चांगुणाच्या मानेवरचं ओझं उतरलं होतं. आता जोमा नव्हता. गाडी होती, तीही चालली.

दरबारात रुद्राजीराव महाराज नवी पगडी घालून बसले होते. जुनी बाहेर वाळत होती.

"मागून आलीस, तर भोंगा का नाही वाजवलास?"

खरं सांगायचं तर गाडीचा भोंगा केव्हाच बिघडला होता. पण चांगुणाला चौकातली पाटी आठवली. महाराज एकदा शिकारीला निघाले असताना कोणीतरी मागून हाक मारली होती, आणि त्या दिवशी त्यांना ससासुद्धा दिसला नव्हता. तेव्हापासून ती पाटी तिथे होती.

"वाजवला असता, महाराज. पण आपण कामाला निघाला होतात. निघालेल्या माणसाला मागून हाक मारील त्याला फटके, हा कायदा कोणाचा?"

"माझा!"

"मग भोंगा म्हणजे काय? गाडीने मारलेली हाकच की! नाही वाजवला तर पगडी जाते, वाजवला तर माझी पाठ जाते. मी पाठ वाचवली."

दरबारात कोणीतरी फिसकन हसलं. दिवाणजींनी डोळे वटारले, पण हसणारा सापडला नाही.

महाराज लाल झाले. हट्टाला पेटले म्हणजे त्यांच्या मिशा आपोआप वर जायच्या, तशा गेल्या.

"फार शहाणी आहेस ना? मग ऐक! मी बंदरावरून वाड्याकडे चालत येईन. तू माझ्या मागून गाडी आण. गाडी पोचायच्या आत मला ती कळली पाहिजे, आणि मी आपण होऊन बाजूला झालो पाहिजे. भोंगा नको, घंटा नको, हाक नको, टाळी नको. वाटेत कोणी मला खुणावलं तर तू हरलीस! जमलं तर गाडी तुझी. नाही जमलं तर गाडी समुद्रात!"

"आणि विजेच्या गाड्या कायमच्या बंद!" दिवाणजींनी शेपूट जोडलं.

चांगुणाने पदर खोचला. मग म्हणाली, "कबूल. फक्त उद्या दुपारची वेळ द्या, महाराज. सकाळी मला बोंबील उलटायचे असतात."

"दिली!"

दुसऱ्या दिवशी दुपारी समुद्रावरून नेहमीचा वारा सुटला आणि बंदरावरून थेट वाड्याकडे वाहू लागला. महाराज निघाले. मागे दिवाणजी, त्यांच्या मागे मानकरी. महाराजांनी कान असे टवकारले होते की पगडी थोडी वर उचलली गेली होती. गाडी रस्त्याला लागली. आवाज नाही. चाकाखालची वाळूसुद्धा गप्प.

महाराज मिशीतल्या मिशीत हसले. "काही ऐकू येत नाही, दिवाणजी! बाई हरली!"

आणि त्यांचं नाक हललं.

एकदा हललं. दोनदा हललं. मग महाराजांनी उपरण्याचं टोक नाकाला लावलं. "अरे देवा! हे काय येतंय?"

दिवाणजी बोलणार कसे? त्यांनी श्वास कोंडला होता. मानकरी तर कधीच कुंपणाशी जाऊन उभे राहिले होते.

"बोंबील! अर्धे ओले बोंबील! मागून येतायत! सरका, सरका, बाजूला व्हा!" असं ओरडत महाराजांनी स्वतःच उडी मारली आणि ते रस्त्याच्या कडेला माडाला चिकटून उभे राहिले.

त्यांच्या समोरून चांगुणा डुलत गेली. डोक्यावर हेल्मेट, मागे उघडी टोपली. थोडं पुढे जाऊन तिने गाडी थांबवली.

"मी आवाज केला का, महाराज?"

"नाही!" महाराज उपरण्यातून म्हणाले.

"हाक मारली? कोणी खुणावलं?"

"नाही!"

"मग बाजूला कोणी केलं आपल्याला?"

"माझ्या नाकाने!"

"कान गाफील राहतो, महाराज. नाक राहत नाही."

दिवाणजींना आता श्वास घ्यावाच लागला. "पण बाई, राज्यात गाड्या पुष्कळ आहेत! प्रत्येकाने काय टोपलीभर बोंबील बांधून फिरायचं?"

"फिरू देत की! माझा माल खपेल. आणि ज्याला बोंबील नकोत, त्याला महाराज भोंगा वाजवू देतील. कशाने बाजूला व्हायचं ते महाराजांनीच ठरवावं!"

महाराजांनी नाकावरचं उपरणं काढलं, बोलायला तोंड उघडलं, वास आत गेला, आणि ते हसत सुटले. इतके हसले, की नवी पगडीही मातीत पडली. या वेळी ती उचलायचीही त्यांना शुद्ध नव्हती.

"दिवाणजी, चौकातली पाटी उतरवा! गाडी बाईची! आणि तिची गाडी जन्मभर आमच्या वाड्यावर फुकट चार्ज होईल!... मात्र टोपली बाहेर ठेवून!"

संध्याकाळी पुन्हा दवंडी फिरली. "ऐका हो ऐका! डोक्यावर हेल्मेट, आणि मागून येताना भोंगा नाही तर बोंबील!"

महिनाभरात खारबंदरच्या झाडून सगळ्या गाड्यांना भोंगे लागले. चांगुणाची गाडी तेवढी बोंबलांवरच चालली. जोमाने तिच्यासाठी आणलेला नवा भोंगा फळीवर, त्याच्या खोक्यात होता. जोमा तो रविवारी बसवणार होता. रविवार यायच्या आत जोमाच गेला, आणि भोंगा बसवायचा राहिला.