पानिपतावरचे झॉम्बी

नाशिकच्या एका मंडळात चिमुकले सैनिक टेबलावर मांडून जुन्या लढाया खेळत. शर्वाणीने तीन महिने खपून चाळीस झॉम्बी, म्हणजे उठून चालणारी प्रेतं, रंगवले आणि पानिपतात उतरवले. अध्यक्ष पोतनीस भडकले. "इतिहासाची विटंबना!" म्हणत त्यांनी एका फटक्यात सगळे झॉम्बी जमिनीवर पाडले. कित्येकांचे हात मोडले.

शर्वाणीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"सर, तुम्ही इथे दर रविवारी पानिपत जिंकता, ते कुठल्या बखरीत आहे? तिथे पडलेले वीर दर रविवारी उठून लढतात, ते कोण? माझे मेलेले निदान मेल्यासारखे दिसतात तरी!"

सभासद खो खो हसले. ती हसली नाही.

"उचला," ती म्हणाली.

पोतनीस खाली वाकले.