शिरेतलं रक्त

"मला इथेच का ठेवून घेत नाही, महाराज?"

भार्गव डॉक्टर होता. सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या या मठात राहून ध्यानधारणा शिकला होता. आपल्याला राग म्हणून येतच नाही, याचा त्याला कोण अभिमान! सोपानगिरी महाराजांनी त्याला डोंगरावरच्या पाड्यात दवाखाना चालवायला धाडलं होतं. आज तो परतला, तो पडलेला चेहरा घेऊनच.

"झालं काय?"

"पोराचा ताप अंगावर काढला म्हणून एका आईवर ओरडलो. सगळ्यांदेखत. ती पोराला उचलून निघून गेली... औषध न घेता."

"आणि पोर?"

"नर्सबाईंनी घरी जाऊन औषध दिलं. उतरतोय ताप."

भार्गव महाराजांच्या पायाशी बसला.

"इथून किती निर्मळ होऊन गेलो होतो! आता दुसऱ्या कुणाला पाठवा."

"पाड्यासाठी दुसरा डॉक्टर आहे कुठे?"



महाराजही पूर्वाश्रमीचे डॉक्टर. त्यांनी सिरिंज आणली, भार्गवच्या दंडाला पट्टा बांधला आणि थोडं रक्त काढून पांढऱ्या बशीत सोडलं.

"कसं आहे?"

"गडद."

"नासलंय?"

एका डॉक्टरला हा प्रश्न! भार्गवला राग आलाच.

"शिरेतलं रक्त असंच असतं. फुप्फुसातून निघतं तेव्हा लालभडक असतं. पुढे अंगभर प्राणवायू वाटत जातं. पेशींनी टाकलेला कार्बन डायऑक्साइड उचलून आणतं. सगळं देऊन आल्यावर रंग काळवंडणारच!"

तोंडी परीक्षेला बसल्यासारखं त्याने घडाघडा सांगितलं.

"म्हणजे त्याचं काही बिघडलेलं नाही?"

"अजिबात नाही. फुप्फुसात आलं की पुन्हा..."

भार्गव बोलता बोलता थांबला.

महाराज बशी घेऊन ओसरीवर आले. मोकळ्या हवेत ती हलकेच फिरवत राहिले. गडद रक्त कडेकडेने उजळू लागलं. बघता बघता वरचा थर लाल झाला.

भार्गव बशीवर वाकला. त्याचे डोळे भरून आले.

"पण माझं ओरडणं... ते तर चुकलंच ना?"

"चुकलंच. त्या माउलीची माफी माग. आज जेव, झोप काढ. सकाळी निघ."

"आणि पुन्हा असाच काळवंडून आलो तर?"

महाराज हसले.

"ये की! गेलास तसाच लालभडक परत आलास, तर मात्र मी घाबरेन."